मिरजगावच्या इंदूचा हुंकार

बोलणाऱ्याला नमस्कार सगळेच करतात. त्याच्या कपाळी बुक्का लागतो, गळ्यात हार पडतो, हाती नारळ येतो. माझा आजचा पहिला नमस्कार मात्र ऐकणाऱ्याला आहे. जो खाली सतरंजीवर बसतो, मान किंचित पुढे करतो आणि नेमक्या ठिकाणी हलकेच ‘हं’ म्हणतो, त्याला. त्या एका अक्षरावर बोलणाऱ्याचा सारा श्वास तोललेला असतो. ते अक्षर आले की शब्दाला पाऊल फुटते. ते आले नाही की वाणी उंबरठ्यातच अडखळते. अशा एका अक्षराची ही कथा, आणि ते अक्षर लहानपणापासून जपणाऱ्या इंदूची.

मिरजगावच्या मुरलीधराच्या देवळात चातुर्मासात रोज तिसऱ्या प्रहरी पोथी चाले. वाचणारे नृसिंहबुवा, इंदूचे वडील. ऐकायला गावातल्या बायाबापड्या, काही थकलेले शेतकरी, आणि कौलांच्या फटीतून उतरणारे ऊन. पोथीला हुंकार हवा, हा तिथला रिवाज. कोणीतरी एकाने पुढे बसायचे आणि ओवी संपली, अर्थ सांगून झाला, की ‘हं’ म्हणायचे. मग बुवांनी पान उलटायचे. हुंकारावाचून पान उलटले तर पोथी भिंतीला वाचून दाखवल्यासारखी होते, असे बुवा मानत.

आधी हा हुंकार इंदूच्या आईचा होता. आई गेली, तेव्हा इंदूचे दुधाचे दात अजून पुरते पडले नव्हते. त्या वर्षीच्या चातुर्मासात बुवांनी पोथी उघडली, पहिली ओवी म्हटली, अर्थ सांगितला, आणि थांबले. देऊळ थांबले. पारव्यांची घुमघुम थांबली. समोरची जागा रिकामी होती. तेवढ्यात खांबाआडून एक बारीक, किनरा आवाज आला, ‘हं’. बुवांनी पाहिले तर इंदू. त्यांनी डोळे पुसले आणि पान उलटले.

तेव्हापासून ती दुपार इंदूची झाली. वडिलांच्या आवाजाचा झुला, त्यावर ती बसलेली. ओव्या येत, जात. उन्हाच्या पट्ट्यात धुळीचे कण तरंगत, आणि तिला वाटे, हे पोथीतलेच शब्द आहेत, वाचून झाल्यावर वर निघाले आहेत. अर्धी झोप, अर्धी जाग, आणि तरीही हुंकार कधी चुकला नाही. इतका तो तिच्या श्वासात मुरला की भाकरी थापताना शेजारणीने काही सांगितले तरी ‘हं’, शाळेत गुरुजींनी काही सांगितले तरी ‘हं’. स्वतःचे वाक्य असे तिच्याजवळ फारसे उरलेच नाही, लागलेही नाही.

मॅट्रिकला तिला चांगले गुण मिळाले. नगरजवळ सावेडीत तिची विजयाआत्या राहत असे. सावेडी तेव्हा नुकती वसत होती. बंगल्याला लागून ज्वारीचे शेत, शेताला लागून पुन्हा बंगला. आत्याने भावाला गाठून सांगितले, “अण्णा, पोरीला माझ्याकडे पाठव. कॉलेज करू दे.” बुवा कधी बहिणीचा शब्द मोडत नसत. सन एकाहत्तरच्या जूनमध्ये इंदू ट्रंक घेऊन एस.टी.त बसली. गाडी हलली तसा इंजिनाचा आवाज तिला पोथीसारखा वाटू लागला, आणि प्रत्येक थांब्यावर तिने मनातल्या मनात हुंकार दिला.

कॉलेजातला पहिला फजितीचा दिवस तर्कशास्त्राच्या तासाचा. शिकवणारे शामकांत सर. खादीचा सदरा, हातावर खडूची पांढरी भुकटी, बोलणे सावकाश. त्यांनी एक लांब वाक्य पुरे केले आणि क्षणभर थांबले. वर्ग शांत होता. आणि पहिल्या बाकावरून स्वच्छ, भरदार आवाजात आले, ‘हं.’

सारा वर्ग खदखदून हसला. इंदूने मान खाली घातली. शेवटच्या बाकावरून तिसगावचा सूर्यभान म्हणाला, “सर, पान उलटा आता!”

पुन्हा हशा. पण सर हसले नाहीत. त्यांनी त्या ‘हं’कडे, एखादा पाहुणा दारात यावा तसे, आदराने पाहिले आणि पुढचे वाक्य आधीच्याहून सोपे करून सांगितले. वर्गात इंदूचे नाव मात्र त्या दिवसापासून ‘हुंकारबाई’ पडले.

शामकांत सरांची एक रीत होती. शनिवारच्या तासाला ते पुस्तक उघडत नसत. टेबलामागची खुर्ची सोडून ते मुलांच्या बाकावर येऊन बसत, एक प्रश्न ठेवत, आणि गप्प होत. पहिल्या शनिवारी त्यांनी विचारले होते, “तुम्ही इथे का आलात?”

“नोकरीला, सर.”

“घरी बसवत नव्हतं, सर.”

“आमच्या आप्पांनी धाडलं,” सूर्यभान म्हणाला. “आन् तिसगावहून हिकडं यायला सकाळची गाडी बरी हाय.”

इंदूची पाळी आली. तिने तोंड उघडले, आणि त्यातून निघाले ते ‘हं’. या वेळी हसताना मुलांनाही थोडी कीव आली. सर एवढेच म्हणाले, “असू द्या. घाई नाही. प्रश्न इथंच बसलाय, आपल्याबरोबर.”

आणि खरोखरच तो प्रश्न तिच्याबरोबर बसला. सावेडीच्या वाटेने ज्वारीच्या कडेकडेने चालताना तो शेजारून चाले. आत्याच्या घरी भांडी घासताना तो पाटावर बसून राही. मी इथे का आले? विजयाआत्याने म्हटले म्हणून. मग मी स्वतः काय म्हटले? ‘हं’ म्हटले.

दसऱ्याला बुवा स्वतः सावेडीला आले. सोने लुटून झाले, जेवणे झाली. ओट्यावर बसून त्यांनी सुपारी कातरायला घेतली आणि अडकित्त्याकडेच पाहत म्हणाले, “इंदू, यंदा पोथी अडते आहे.”

“हं,” इंदू म्हणाली.

“छबूबाईला पुढे बसवलं. भली बाई आहे. पण तिला बसल्या जागी डोळा लागतो. मधेच दचकून ‘व्हय व्हय’ म्हणते, तेही राक्षस काही बोलत असला की! परवा कंसाला हुंकार दिला तिनं. देऊळ हसायला लागलं.”

आत्या हसली. इंदूही हसली. बुवा हसले नाहीत. त्यांचा आवाज खाली आला. “तुझी आई गेल्यावर मला वाटलं होतं, पोथी बंद पडेल. तू चालवलीस. आता माझंही वय होत चाललं. दिवाळीला येशील ती ट्रंक घेऊनच ये. वर्षभराचं शिक्षण झालं काय, न झालं काय, तुला त्याचं काय करायचंय? येशील ना?”

इंदूने सारे ऐकले. वडिलांचा थकलेला आवाज ऐकला, आईची रिकामी जागा ऐकली, पोथीचे न उलटलेले पान ऐकले. आणि ओवी संपली की जे आपोआप येते ते तिच्या ओठांवर आपोआप आले.

“हं.”

बुवांचा चेहरा उजळला. त्यांनी सुपारीचे खांड तोंडात टाकले, बहिणीला म्हणाले, “झालं. पोरगी हो म्हणाली,” आणि संध्याकाळच्या गाडीने समाधानाने परत गेले.

हो! इंदू ओट्यावर उभी राहून गाडीच्या दिशेने पाहत राहिली. मी हो कधी म्हटले? मी तर ऐकले एवढेच म्हटले. पण गाडी गेली होती, आणि गाडीबरोबर तिचा शब्दही गेला होता. दिवाळीनंतर ती या वर्गात नसणार होती.

दसऱ्यानंतरचा शनिवार उजाडला. बाहेर बाभळीच्या सावल्या मैदानावर पसरल्या होत्या. सर बाकावर येऊन बसले आणि म्हणाले, “आज प्रश्न आपल्या वर्गातलाच आहे. इंदू, तुझी हरकत नसेल तर. पोथीत हुंकार देतात म्हणजे काय करतात? मला खरंच ठाऊक नाही.”

इंदू उठली. पहिले वाक्य अडखळले. पण ज्या गोष्टीविषयी बोलायचे होते ती तिच्या रक्तातली होती, म्हणून शब्द हळूहळू येऊ लागले. तिने देऊळ सांगितले, ऊन सांगितले, आईची जागा सांगितली. “बोलणारा एकटा पडू नये म्हणून म्हणायचं असतं, सर,” ती म्हणाली आणि खाली बसली.

“म्हणजे जे ऐकलं ते पटलं, असा त्याचा अर्थ धरायचा का?” सरांनी वर्गाला विचारले.

सूर्यभान उठला. “सर, आमच्या बाजारात नंदीबैल येतो. पाऊस पडंल का? मान हालवतो. पोराला नोकरी लागंल का? मान हालवतो. हे तसलंच. बाई, राग मानू नका.”

मुले हसली. सरांनी विचारले, “तो बैल कधी नाही म्हणतो का, सूर्यभान?”

“म्हनतो की. मालकानं दोरी वढली की म्हनतो.”

“म्हणजे हो मालकाचा आणि नाहीही मालकाचाच.”

हसू ओसरले. जणू कोणी वर्गातल्या हवेवरून हात फिरवून ती थोपवली होती. आणि त्या थोपवलेल्या हवेत इंदू दुसऱ्यांदा उठली. या वेळी तिला कोणी उठवले नव्हते.

“माझ्या गळ्यात दोरी नाही,” ती सूर्यभानकडे वळून म्हणाली. “मी ऐकते म्हणून हं म्हणते. पण दसऱ्याला माझे वडील आले होते. ते म्हणाले, कॉलेज सोड, दिवाळीला घरी ये. मी हं म्हटलं. त्यांनी ते हो धरलं.”

मग मुलींच्या बाकावरून मालन म्हणाली, “चूक वडलांची हाय. त्यांनी नीट विचारायला पाहिजे हुतं.”

“विचारलं की त्यांनी,” सूर्यभान म्हणाला. “येशील ना, म्हनले. आता ह्यांनीच सांगाया नको व्हय?”

“वडलांना तोंडावर नाही म्हणायचं? तू म्हणतोस का तुझ्या आप्पाला?” मालनने टोला दिला.

सूर्यभान खाली बसला. कोणाला उद्देशून नाही, असे म्हणाला, “न्हाई. आप्पा म्हनले कॉलेजला जा, मी मान हालवली. म्हंजे हितला नंदीबैल मीच की.”

या वेळी कोणी हसले नाही. शामकांत सरांनी सूर्यभानच्या खांद्यावर हात ठेवला. खडूची पांढरी बोटे त्याच्या सदऱ्यावर उमटली. मग ते इंदूला म्हणाले, “वडिलांना नाही म्हणावं की हो, ते मी सांगणार नाही. तो माझा अधिकार नव्हे. मी एवढंच विचारतो: नाही म्हणायचं असेल, तर तुला हो कोणत्या गोष्टीला म्हणायचं आहे?”

इथे मी क्षणभर थांबतो, कारण इंदूही थांबली होती. असा प्रश्न माणसाला आयुष्यात किती वेळा भेटतो? आणि भेटला तरी उत्तराची वाट पाहत समोर बसणारे किती असतात? इथे सारा वर्ग वाट पाहत होता. टिंगल करणारेही वाट पाहत होते. इंदूला वाटले, आपण देवळात आहोत. उन्हाचा तो पट्टा तोच आहे, धुळीचे कण तेच आहेत. फक्त आज पोथी आपल्या हातात दिली आहे आणि समोर सगळे हुंकारासाठी बसले आहेत.

“सर,” ती हळूच म्हणाली, “शनिवारी तुम्ही गप्प बसता ना, तो तुमचा हुंकारच असतो. तुम्ही आम्हाला एकटं सोडत नाही. आम्ही कसंही बोललो तरी. मला तेच करायचं आहे. लहान शाळेत. मुलं घरी काहीबाही सांगत असतात, आणि कोणी हं म्हणत नाही. मग ती सांगायचीच बंद होतात. मला त्यांच्यापुढं बसायचंय.”

आणि वर्गाच्या शेवटच्या बाकावरून, अगदी मनापासून, तिसगावच्या सूर्यभानचा आवाज आला.

“हं.”

दिवाळीच्या सुटीत इंदू गावी निघाली. ट्रंक आत्याकडेच ठेवली. पिशवीत दोन लुगडी आणि वडिलांसाठी नगरच्या बाजारातली सुपारी. गाडीत तिला गुंगी आली. गुंगीत आई दिसली, देवळाच्या खांबाआड उभी. ती काही बोलत नव्हती, नुसती वाट पाहत होती. जागी झाली तेव्हा मिरजगाव आले होते.

बुवांनी ट्रंक नाही हे पाहिले. विचारले नाही. “गाडीला गर्दी असेल,” असे स्वतःशीच म्हणाले. इंदूला बोलायचे होते. पण घरातल्या घरात शब्द सापडेना. चुलीपाशी तो राख होई, अंगणात वाऱ्यावर जाई. दुसऱ्या दिवशी तिसरा प्रहर झाला. देवळात सतरंजी पडली. छबूबाईने आनंदाने जागा सोडली आणि मागे सरकत म्हणाली, “ये बाई ये. तुझी जागा तुला लखलाभ. मला कंसानं लई बदनाम केलं.”

बुवांनी पोथी कपाळाला लावली. त्या दिवशी कथा होती दिवा लावणाऱ्या म्हातारीची. एक म्हातारी रानातल्या देवळात रोज दिवा लावी. एके दिवशी तेल संपले, म्हणून ती दूरच्या गावी तेलाला गेली. नेमका त्याच वेळी देव स्वतः देवळात आला. अंधार पाहून उभा राहिला आणि निघून गेला. म्हातारीने परतून दिवा लावला, तो उंबऱ्यावर फक्त पावलांचे ठसे. दर वर्षी या ओवीला बायका पदर डोळ्यांना लावत. दर वर्षी इथे इंदूचा हुंकार ओला होऊन येई.

बुवांनी अर्थ सांगितला आणि हुंकारासाठी थांबले.

हुंकार आला नाही.

बुवांनी वर पाहिले. इंदू त्यांच्याकडे पाहत होती. “अण्णा,” ती म्हणाली, “देव थांबला का नाही?”

देवळात पाने सळसळावीत तशी कुजबुज झाली. पोथीत प्रश्न! छबूबाईने आधी तोंडावर हात ठेवला, मग तो काढला. “बरं इचारलंस गं पोरी. मला बी दर साली तेच वाटतं. म्हातारी त्याच्याच दिव्यापायी गेल्ती ना? मग जरा दम धराया काय हुतं त्याला?”

“देवाला काय एकच देऊळ हाय व्हय?” खांबाला टेकलेले छबूबाईचे यजमान सहादेव म्हणाले. “त्याला पुढं जायाचं आसंल.”

“लई कामाचा तुमचा देव,” छबूबाई फणकारली. “तुमच्यावानीच. जेवाया बी थांबत न्हाई.”

देऊळ हसले. बुवा हसले नाहीत, रागावलेही नाहीत. त्यांनी पोथीत बोट ठेवून ती मिटली. इतक्या वर्षांत ती ओवी त्यांनी शेकडोंना ऐकवली होती. आज पहिल्यांदाच ती त्यांनाच कोणी ऐकवत होते. ते बोलले तेव्हा आवाज वाचण्याचा नव्हता, चाचपडण्याचा होता.

“मला वाटतं... देव थांबला असता, तर म्हातारी पायाशी पडून राहिली असती. तेल तसंच राहिलं असतं, दिवाही तसाच. तो गेला म्हणून तिनं दिवा लावला. त्याला आपण येऊन गेल्याची पावलं दाखवायची होती. पण दिवा विझू द्यायचा नव्हता.”

“मग ती तेलाला गेली, ही तिची चूक नव्हती?”

“चूक कशी? तेलाला जाणं हीसुद्धा सेवाच.”

“अण्णा,” इंदू म्हणाली. “मीही तेलालाच गेले आहे. दसऱ्याला मी हं म्हटलं, ते ऐकल्याचं होतं. हो म्हटल्याचं नव्हतं. मला शिकून शाळेत मुलांपुढे बसायचंय. मी येईन. पण तेल घेऊन येईन.”

ऊन सतरंजीवरून सरकत बुवांच्या गुडघ्यापर्यंत आले होते. पारवे घुमत होते. नृसिंहबुवा मुलीकडे पाहत राहिले. तिच्या मागे ती दुसरी, खूप आधी रिकामी झालेली जागाही त्यांना दिसत असावी. आणि मग, आयुष्यभर दुसऱ्याच्या हुंकारावर वाचत आलेल्या त्या माणसाने, देवळातल्या सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हटले,

“हं.”

छबूबाई पुढे वाकली. “बुवा, ह्यो ऐकल्याचा का व्हय म्हनल्याचा?”

बुवांनी पोथी पुन्हा उघडली. चष्मा पुसायला वेळ लागला.

“दोन्हीचा,” ते म्हणाले. “छबूबाई, ही परत गेली की तुम्ही पुढे बसा. डोळा लागायला लागला, तर हुंकार देऊ नका. प्रश्न विचारा.”